गेमा ड्रायव्हरची पहिल्या खेपेतली गाडी

देवधर्म करतो, पण शाप, भूतखेत असल्या गोष्टी कुणी सांगितल्या की मी हसायचो. या ग्रुपवरचे लोकांचे अनुभवही हसतच वाचायचो. आता हसत नाही...

औंढा नागनाथला माझं गॅरेज आहे. पण हौशी लोक मला लांबून बोलावतात ते जुने, लांब नाकाचे ट्रक ओळखायला. बॉनेट, मागचा एक्सल बघून मी मॉडेल सांगतो. मग खात्रीसाठी चेसिस नंबर, गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला — ग्रीस खरवडायचं, वर कागद धरायचा, पेन्सिल घासायची. नंबर कागदावर उमटतो. पहिल्या आकड्यांवरून मॉडेल कळतं, शेवटच्या आकड्यांवरून त्यातली कितवी गाडी ते.

गेल्या उन्हाळ्यात डोंगरकड्याजवळच्या एका तांड्यावर गेलो. शेवंताबाईंच्या दारात त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचा, गेमा ड्रायव्हरचा ट्रक उभा होता. दर दसऱ्याला त्या नंबरावरच हळदीकुंकू वाहायच्या. त्या थराखाली आकडे जसेच्या तसे राहिले होते.

"माझा माणूस म्हणायचा, ही पहिल्या खेपेतली गाडी हाय. तांडा त्याला फेकू गेमा म्हणून हसायचा. भाऊ, तुमी बराबर बघून सांगा."

गेमा खरंच बोलत होता. अगदी सुरुवातीचा नंबर, हौशी लोक लाखो मोजतील अशी गाडी! पण माझ्या पुण्याच्या गिऱ्हाइकाला ट्रक भंगाराच्या भावात हवा होता. बाईंना वाचता येत नव्हतं. मी मनानेच एक नंबर रचला आणि मोठ्यानं वाचला.

"साधी गाडी आहे, मावशी. अशा ढीगभर निघाल्या."

शेजारचा म्हातारा खो खो हसला. "मंग! फेकूच व्हता गेम्या!"

बाईंनी उरलेलं कुंकू पदरानं पुसलं आणि ट्रक देऊन टाकला.

थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, गॅरेजवर दुसऱ्याच एका ट्रकवर पेन्सिल घासली... कागदावर मी रचलेला नंबर! लोखंडावरचे आकडे वेगळे, कागदावरचे वेगळे. मेकॅनिक सलीमनं घासली, बरोबर उमटला. मी घासली — पुन्हा तोच.

"उस्ताद, पेन्सिल में जिन है क्या?" सलीम हसला. मीही हसलो.

मग सेनगाव, हिंगोली, नांदेड... जिथे जाईन तिथे तेच. गिऱ्हाइकं मला तोंडावर फेकू म्हणू लागली. कामं बंद झाली.

शेवटी सलीमला पुण्याला पाठवून गेमाच्या ट्रकची छाप मागवली. ती घेऊन तांड्यावर गेलो. सगळ्यांसमोर माझं खोटं कबूल केलं, एकेका आकड्याचा अर्थ सांगितला. हसणारा म्हातारा मान खाली घालून उठून गेला. मी बाईंच्या पाया पडलो.

"गाडी परत आणून देतो, मावशी."

"आण. ती माझीच हाय."

"आणि गेमाभाऊंना सांगा... आता सोडा म्हणावं मला."

"मी काहून सांगू?" बाई शांतपणे म्हणाल्या. "त्याच्या फोटोम्होरं बसून मीच म्हणलं व्हतं, याला सोडू नको. जित्तेपणी माझं एक ऐकलं न्हाई त्यानं. आता ऐकून राहिला."

गिऱ्हाईक ट्रक द्यायला तयार नाही; माझी खटपट चालू आहे. डोळे तपासले, पेन्सिली बदलल्या, काही फरक नाही. हे काय आहे, मला आजही सांगता येत नाही. कुणाला सांगता आलं तर जरूर सांगा. पण बाईंची समजूत घाला, असं सुचवू नका. त्यांच्या जागी मी असतो, तर मीही सोडलं नसतं.