दुसऱ्या ओळीतलं थांबणं

मोकळी जागा दिसली की ती सुरांनी भरायची, ही माझी जुनी खोड. लातूरच्या शाळेत संगीत शिकवायला लागले तेव्हा तर अंगात वारंच शिरलं होतं. प्रार्थना असो की स्वागतगीत, ओळ संपली रे संपली की माझी बोटं पेटीवर धावायची. पोरं श्वास कधी घेत असतील, हा प्रश्न मला कधी पडला नाही. पोरांची छाती दणकट असते, ती निभावून नेतात.

आई नांदेडला राहायची. आमच्या गल्लीतल्या बायकांचं भजनी मंडळ तिनंच जमवलं होतं. ओळ ती उचलायची, बाकीच्या मागून म्हणायच्या. विष्णुपुरीच्या बाजूला भजनस्पर्धा होती, म्हणून तिनं माझ्याकडे एका अभंगाला नवी चाल मागितली. मी ती एसटीत बसून, अहमदपूर ते लोहा एवढ्या अंतरात लावली आणि वर ही शेखीही मिरवली. आता आठवलं की लाज वाटते.

आईला दमा होता. मला ते ठाऊक होतं, पण चाल लावताना डोक्यातच आलं नाही. तालमींसाठी मी सुट्टीत नांदेडला येऊन राहिले होते. तालमीत ती दुसऱ्या ओळीच्या मध्यावर अडकायची. ती थांबली की मी लगेच पेटीचे सूर भरून झाकायला जायचे. ते सूर ऐकून ती घाईनं पुढचा शब्द धरायची आणि खोकायला लागायची. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी सगळ्यांसमोर तिच्यावर डाफरले. तिनं टाळ खाली ठेवले.

"दुसरी कुणी तरी म्हणा बाई पुढं," ती म्हणाली. "मला न्हाई होत आता."

ती गाणंच सोडते की काय, या भीतीनं दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तरी चाल बदलायला मी तयार नव्हते. चाल चांगली आहे, आईनंच सराव वाढवावा, हा माझा हेका.

त्यातच पेटीचा भाता हवा सोडायला लागला. ती घेऊन मी जुन्या नांदेडात चाचांकडे गेले. त्यांच्या घरात तीन पिढ्या पेट्याच दुरुस्त करत आलेल्या. चाचांची एक पद्धत होती. आधी पंखा बंद करायचा, भाता हवेनं भरून घ्यायचा आणि एकही पट्टी न दाबता नुसतं कान लावून बसायचं. मग हवा कुठून निसटते ते बारीक ऐकू यायचं. त्या दिवशी चामड्याचा तुकडा चिकटवून झाल्यावर ते म्हणाले, वाजवून बघ. मी तीच चाल वाजवली.

"हे कोण म्हणणार हाय?"

"आई."

"मग ती दम कुठं खाणार? तू तर सगळंच भरून राहिलीस, बेटा. जा, तिलाच इचार कुठं थांबायचं ते."

मला राग आला. पेटी दुरुस्त करणाऱ्यानं चालीत नाक कशाला खुपसावं, असं पुटपुटतच मी घरी आले. पण संध्याकाळी आई मेथी निवडत बसली होती, तिथं वही घेऊन बसले. म्हटलं, गाऊ नकोस, नुसतं म्हण. ती म्हणत गेली आणि जिथं जिथं तिनं श्वास घेतला तिथं मी पेन्सिलनं रेघ मारली. तीन रेघा झाल्या. सगळ्यात मोठी दुसऱ्या ओळीत.

त्या तिन्ही ठिकाणचे माझे सूर मी काढून टाकले. बोटं ऐकत नसत, म्हणून हात पेटीवरून उचलून मांडीवर ठेवायचे. पहिल्या तालमीत दुसऱ्या ओळीत टाळही थांबले आणि शेजारच्या कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली. मग आईनं श्वास घेतलेला ऐकू आला. आणि मग तिनं पुढचा शब्द असा सावकाश, भरून उचलला की मी हात परत पट्ट्यांवर आणायचं विसरले. ती चाल मी लावली असं मी लोकांना सांगते, पण तिच्यातला चांगला भाग आईचा आहे.

स्पर्धेत आम्हाला काही मिळालं नाही. मध्ये खंड पडतो, असं परीक्षक म्हणाले. मी भांडायलाच निघाले होते.

"पडू दे की," आई म्हणाली. "मला म्हणता आलं, बास झालं."

आईला जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात नांदेडला गेले तेव्हा मंडळातल्या बायकांनी मला पेटीवर बसवलं. आता ओळ उचलणारी बाई तरुण आहे, खणखणीत आवाजाची. तिला थांबायची काही गरज नाही. तरी दुसऱ्या ओळीत ती थांबली. टाळ थांबले. मी हात मांडीवर ठेवले, मनात मोजून परत पट्ट्यांवर आणले, तर कुणीच गायला सुरुवात केली नव्हती. सगळ्या तशाच बसून होत्या. बऱ्याच वेळानं पुढचा शब्द आला.

भजन संपल्यावर मी विचारलं, "एवढं कामून थांबता? माझ्या चालीत एवढं नव्हतं."

आईच्या शेजारी बसणाऱ्या मावशी टाळ पिशवीत घालत म्हणाल्या, "शेवटी शेवटी तुझ्या आईला एवढाच येळ लागायचा, बाई. तू लातूरला होतीस."