ढिल्या बांगड्या

"थांबव रं गाडी. जरा सवाशीण होऊ दे मला."

गावाची शीव आली की बाई हे म्हणायच्याच. गाडीवान बैल उभे करी आणि सवयीनं तोंड फिरवून बिडी पेटवी. छकड्याच्या आडोशाला बाई दवाखान्याचं पांढरं पातळ उतरवून हिरवं लुगडं नेसत, कपाळाला कुंकू लावत, हातांत हिरव्या बांगड्या सरकवत आणि मला विचारत, "शोभते का गं?" मला हसू यायचं. मग म्हणत, "हसू नगंस. कुणाच्या तरी जिवासाठीचं सोंग हाय."

निजामाचं राज्य होतं. तालुक्याच्या दवाखान्यात बाई नर्स होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली नवी लागलेली. डॉक्टरसाहेब हैदराबादकडचे, भला माणूस. पण बाळंतिणीच्या खोलीकडं पुरुषाला कोण फिरकू देतंय? म्हणून गाव चकलांबा असो की उमापूर, छकड्यात हाडं खिळखिळी करून घ्यायला आम्ही दोघी. बरोबर पाणी उकळायचं पातेलं, कात्री, कार्बोलिकची बाटली आणि ट्रंकेच्या तळाशी बाईंचं ते सौभाग्य.

तुम्ही म्हणाल, हा खटाटोप कशाला? बाईंच्या नोकरीच्या सुरुवातीला एका गावात त्यांना दारातच अडवलं होतं. "मोकळ्या कपाळाची बाई बाळंतिणीफुडं? नगं." आतली पोर दिवसभर तळमळली आणि संध्याकाळी गेली. हे बाईंनी मला एकदाच सांगितलं, तेही भांडी घासता घासता. पांढरं पातळ सरकारी होतं, पण त्या लोकांचा अंदाज काही चुकला नव्हता. बाई बालविधवा होत्या. नवऱ्याचा चेहरासुद्धा त्यांना आठवत नव्हता.

सोंगाचा उपयोगही त्या झकास करून घ्यायच्या. बाळंतिणीच्या खोलीत सासूबाई राख आणि विळा घेऊन नाळ कापायला सज्ज असत. बाई एकेक बांगडी ठेवून बाकीच्या काढायच्या आणि सासूच्या ओंजळीत द्यायच्या. "आक्का, माजं सौभाग्य सांबाळा. खाली ठिवू नगा बरं!" दुसऱ्या बाईचं सौभाग्य खाली कसं ठेवायचं? सासूबाई ओंजळ धरून मुकाट बसून राहत आणि बाई कार्बोलिकनं हात धुऊन कामाला लागत. मी तोंडावर पदर धरून हसू दाबायची.

एक मात्र त्या कटाक्षानं पाळत. बाळंतीण मोकळी झाली की घरच्या बायका ओटी भरायला ताट आणत. बाई हात जोडत, "दवाखान्याचा कायदा न्हाई." असा कायदा कुठंच नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कामापुरतं खोटं चालतंय. ओटी खोटी घेऊ न्हाई."

अशा बाईंची चोरी एकदा उमापूरला पकडली गेली.

मोठं शेतकरी कुटुंब. सून अडलेली, बाळ पायाकडून येत होतं. आत जावा जमल्या होत्या आणि सासू विधवा म्हणून खोलीबाहेर, उंबऱ्याला टेकून बसलेली. आपल्याच सुनेच्या खोलीत तिला मज्जाव. बाईंनी सवयीनं बांगड्या उतरवल्या आणि तिच्यापुढं धरल्या. म्हातारी आधी मागं सरली, मग तिनं हात पुढं केला. बांगड्यांकडं बघितलं, बाईंच्या मनगटाकडं बघितलं.

"कासारानं भरलेल्या बांगड्या तेल लावल्याबिगर निगत न्हाईत," ती हळूच म्हणाली. "तुमच्या इतक्या ढिल्या कावून हायेत?"

तिनं एक हाक मारली असती तर दार बंद झालं असतं, आणि आठवड्याच्या बाजारातून ही गोष्ट गावोगाव गेली असती. मग कुठल्याच घरानं बाईंना उंबरा ओलांडू दिला नसता. आत सून ओरडत होती.

बाई खोटं नेसत असत, पण कुणी थेट विचारलं तर तोंडानं खोटं बोलत नसत. त्या म्हणाल्या, "आक्का, आदी लेकराला बगू द्या. मग काय इचारायचं ते इचारा."

म्हातारीनं बांगड्यांवर मूठ मिटली. "जा." आणि आतल्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ती म्हनंल तसं करा गं."

दुपार कलता कलता मुलगी झाली. बराच वेळ रडलीच नाही. बाईंनी तिची पाठ चोळली, तोंड पुसलं, पुन्हा चोळली, आणि एकदाची ती रडली. सून वाचली. मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले.

जावा ताट घेऊन आल्या. बाईंनी हात जोडले, "दवाखान्याचा..."

"ताट हिकडं द्या," म्हातारी बाहेरून म्हणाली. बाईंना आणि मला तिनं शेजारच्या कोठीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

"आक्का, मी ओटी घेत न्हाई. तुमाला तर ठावं हाय."

"ठावं हाय म्हनूनच भरते. माज्या नातीला पयला हात लागला तो तुमचा. त्यो वंगाळ आसंल तर चांगला कोंचा?"

बाईंनी पदर पसरला. पुढं त्यांची बदली कडा गावी झाली आणि त्या तिकडंच वारल्या. मला शेवटचं भेटताही आलं नाही, याचं दुःख अजून आहे. पण त्यांची आठवण आली की मला ती कोठीच दिसते.

खण पडला, नारळ पडला, ओंजळभर गहू पडले. मग म्हातारीनं कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं आणि ते तसंच हवेत राहिलं.

"कोंच्या बोटानं लावत्यात गं?" तिनं विचारलं. "इसरले मी."

बाईंनी तिचा हात धरला आणि ते बोट स्वतःच्या कपाळावर टेकवलं. बाहेरून जावा विचारत होत्या, झालं का म्हणून. मी दाराला पाठ लावून उभी राहिले.