जीपमधलं दही

लढाई नुकतीच संपली होती आणि लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या होत्या. माझ्या नवऱ्याने बैलांची एक जोडी विकली आणि त्यातली एक जीप घरी आणली. परतवाड्याजवळ आमचा संत्र्याचा बगीचा होता. झाडांच्या मधल्या पट्ट्यात वांगी, कोबी, आणि बांधाच्या कडेने झेंडू. हा माल बाजारात न्यायला बैलबंडी पुरे, असं मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं मत होतं. ते जीपला बेडकी म्हणत. खोटं कशाला बोला, ती चालायची कमी आणि उड्याच जास्त मारायची. खाचखळग्यात तिच्या पोटाखालून असा खडखडाट उठे की मागच्या टोपल्यांतला झेंडू रस्त्याला वाहिला जाई.

मला मात्र ती आवडे. रंग उडालेली, समोरची काच तडकलेली, ती संत्र्याच्या झाडाखाली उभी असायची. माघ होता, झाडं फुलोऱ्यावर होती. दुपारच्या स्तब्धतेत पांढरी फुलं तिच्यावर एकेक करून गळत आणि तो गोड, जडसर वास सगळ्या घरादारात भरून राही. मी ओसरीत बसून तिच्याकडे बघे आणि मनातल्या मनात तेल्हाऱ्याला जाऊन येई.

तेल्हारा माझं माहेर. मला सातवा महिना लागला होता. बाळंतपण माहेरीच व्हायचं, ही रीत. आईने इकडे येऊन राहावं तर तेही शक्य नव्हतं, कारण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा आमच्यात आईबाप पीत नाहीत. मला आई हवी होती. यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

पण दोन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत मी बंडीने तेल्हाऱ्याला निघाले होते. खाली कुटाराचा, म्हणजे भुशाचा जाड थर आणि वर गोधड्या. अकोटच्या अलीकडे एका नाल्यात चाक दगडावरून घसरलं. दोन दिवसांनी मी रिकामी झाले. परत आले तेव्हापासून सासूबाई माझ्याशी कामापुरतंच बोलत. मी समजायचं ते समजले. त्यांच्या लेखी त्यांचं नातवंड मी रस्त्यात सांडून आले होते. बरं, मीही काही गरीब गाय नव्हे. त्यांनी एक शब्द गिळला की मी दोन भांडी आदळी.

या खेपेस सासू-सासऱ्यांनी ठरवूनच टाकलं होतं की बाळंतपण इथेच, गावच्या सुईणीच्या हातून. माझं जेवणावरून मन उडालं. तेव्हा एका सकाळी नवरा जमिनीकडे बघत आपल्या आईला म्हणाला की तो मला जीपने नेईल. मोठ्यांसमोर बायकोचं नाव काढायची त्याची ही पहिलीच वेळ. सासूबाई आत गेल्या आणि रात्री विरजलेल्या दह्याचं गाडगं घेऊन आल्या. गाडीच्या पुढच्या बैठकीवर, माझी म्हणून जी जागा असती तिथे त्यांनी चुंबळ ठेवली आणि तिच्यावर गाडगं बसवलं.

“हे नदीवरून फिरवून आन. दही मोडलं नाई, तं नेजो तिले.”

तो फिरवून आला. गाडग्यात ताक झालं होतं. लोणी कुठे सांडलं, असं मामाजींनी विचारलं आणि ते मोटेकडे निघून गेले.

त्या दुपारी नवरा गाडीखाली शिरला तो दिवे लागेपर्यंत बाहेर आला नाही. बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर लोखंडाची एक आखूड नळी होती, बोथट अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीसारखी एकाच बाजूने खाल्लेली. याला बुश म्हणतात, तो म्हणाला. गाडीचं सगळं ओझं चार पाट्यांवर, म्हणजे लवणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या जुड्यांवर असतं, पाट्याच्या टोकाला गोल डोळा असतो आणि त्या डोळ्यात हा बसतो. हा झिजला की पाटा आतल्या आत आपटत राहतो. तसे सगळेच झिजले होते. पाट्यांना दोष नव्हता आणि रस्त्यालाही नव्हता.

तो छोट्या रुळांवरच्या आगगाडीने मूर्तिजापूरला आणि तिथून अकोल्याला गेला. तिथल्या एका कापसाच्या जिनातला फिटर त्याच्या ओळखीचा होता. यंत्राखाली घालतात त्या जाड रबराचे बुश त्याने कातून दिले. लोखंड दणका पुढे ढकलतं, रबर तो पिऊन टाकतं, असं फिटर म्हणाला. फक्त याला तेल लावू नको, तेलाने रबर फुगून सडतं, एवढं बजावून त्याने पाठवलं.

मग बगीच्यातले ते दिवस. अजूनही डोळे मिटले की मी त्यांत जाते. गाडी दगडांच्या थप्प्यांवर चढवलेली, चाकं काढलेली. नवऱ्याचे फक्त पाय दिसत. जुने बुश गंजून डोळ्यातच बसले होते, ते त्याने करवतीच्या पात्याने चिरून काढले. नवे आत सरकेनात. तेल चालत नाही म्हटल्यावर मी केसांसाठी भिजवलेल्या रिठ्याचं पाणी नेऊन दिलं. त्या फेसाळ पाण्याने एकेक बुश आत गेला. मी शेजारी झेंडूचे हार ओवत बसे. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण दिवसाउजेडी इतका वेळ आम्ही एकमेकांजवळ कधी बसलो नव्हतो. तो खालून काही विचारी, मी वरून सांगे. ऊन पानांतून हलत राही, मोटेचं कुरकुरणं दुरून येई, आणि हार किती लांब झाला हे मला कळतच नसे.

सगळं जागच्या जागी बसलं. खडखड पार गेली. सासूबाईंनी पुन्हा गाडगं ठेवलं आणि दही पुन्हा मोडलं. गाडी आता आवाज न करता उडी मारत होती, एवढाच फरक. नवरा विहिरीच्या थारोळ्यावर जाऊन बसला. त्याचा चेहरा मला बघवेना. आपलं तेल्हारा बुडालं, असं मला वाटलं आणि मी लुगडं सावरायच्या निमित्ताने आत गेले.

त्या दिवसांत मी उभ्याने लुगडं नेसत नव्हते. उभ्याने आवळलेली गाठ बसल्यावर पोटाला कापते. म्हणून खाटेवर टेकायचं, पोट आपल्या जागेवर येऊ द्यायचं आणि मगच गाठ मारायची. गाठ मारता मारता माझा हात थांबला. मी तशीच विहिरीवर गेले आणि गाडी दगडांवर असतानाच पाट्यांचे बोल्ट आवळले होते का, ते विचारलं. हो म्हणाला. चाकं अधांतरी, पाटे खाली लोंबत असताना.

“मंग उभ्यानं काहून नेसवलं तिले?” मी म्हणाले. “अगोदर बसू द्या, मंग आवळा.”

तो इतका हसला की मामाजींनी मोट थांबवली. ते रबर लोंबत्या पाट्याला घट्ट धरून बसलं होतं. गाडी खाली टेकली की पिळवटत होतं, आणि पिळलेलं रबर दणका कुठून पिणार. त्याने गाडी जमिनीवर उतरवली, सगळे नट सैल केले, मागे माझ्या सामानाएवढं धान्याचं पोतं टाकलं. मग त्याने मला बैठकीकडे हात केला. भर दुपारी, सासऱ्यांच्या देखत मी जीपमध्ये चढून बसले. लाजेने कान तापले होते. तो खाली सरपटला. मला गाडी हळूच दबल्याची जाणीव झाली, आणि मग पान्याचा एकेक फेरा बैठकीतून वर येऊ लागला. पदरात फुलं पडत होती. तेवढ्यात खालून आवाज आला.

“दोघंई बसले का नीट?”

त्या घरात बाळंतपणाचं बोलणं होई, पण पोटातल्या जीवाबद्दल त्या दिवसापर्यंत कोणी अवाक्षर काढलं नव्हतं, जणू बोललं की दृष्ट लागेल. मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडगं पुन्हा फिरून आलं. सासूबाई एकट्याच गाडीपाशी गेल्या, मी त्यांच्या मागे. त्यांनी झाकण काढलं. दही बसलेलं होतं, पण एका कडेला बारीक भेग होती आणि तिच्यात निवळीचं पाणी चमकत होतं. ते त्यांनी पाहिलं, मी पाहिलं. ओसरीतून मामाजींनी काय झालं म्हणून विचारलं. सासूबाईंनी बरोबर त्या भेगेतच बोटं घातली, तिथलं दही उचललं आणि निघणाऱ्याच्या हातावर देतात तसं माझ्या तळहातावर ठेवलं.

“जसंच्या तसं हाये,” त्या ओसरीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “मागच्या खेपेस बंडीत कुटार मीच अंथरलं होतं. मले वाटलं, लय झालं. कमी पडलं, माय.”

दोन वर्षं मी त्या बाईवर राग धरून होते, आणि ती स्वतःवर. मला रडू फुटलं. पाया पडायला वाकले तर त्यांनी दंड धरून मला उभंच ठेवलं. दही आंबट होतं, मी ते सगळं चाटून खाल्लं.

रस्ता मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतो. उजव्या हाताला सातपुडा निळसर पडून होता आणि आमच्याबरोबर चालत होता. कापूस वेचून झालेली काळी रानं, मधूनच हरभऱ्याचा हिरवा चौकोन. अंजनगाव गेलं. गाडी खड्ड्यात उतरे आणि पाळण्यासारखी वर येई. अकोटच्या अलीकडचा तो नाला येईल तेव्हा दोन्ही हातांनी पोट धरायचं, असं मी ठरवलं होतं. मी त्याची वाट बघत होते. वाट बघता बघता ऊन, धूळ आणि नवऱ्याचा गुणगुणणारा आवाज एकमेकांत मिसळले.

गालावर कोणाचा तरी हात होता. खरबरीत, कांद्याचा वास येणारा. डोळे न उघडताच मला कळलं की आईचा. गाडी थांबलेली होती, अंगणात माणसं बोलत होती, आणि तो नाला कधीच मागे पडला होता. घाबरून मी पोटाकडे हात नेला, तर तिथे आईचा दुसरा हात आधीच होता.

“हे जागंच हाये,” आई म्हणाली. “तूच झोपली होती.”