फक्त निमंत्रितांसाठी

“आपण अनुभव सांगताय. इथे आपण विश्लेषण करतो.”

एवढं बोलून बाईंनी माझा माइक बंद केला. मला ते कळलंच नाही. मी बोलतच राहिले. पडद्यावर माझे ओठ हलत होते, आणि चौकोनाचौकोनांतून सगळे बघत होते. कोणी चष्मा पुसला. कोणी चहा प्यायला. कोणी सांगितलं नाही.

विषय होता घरकामगार स्त्रिया आणि जात. मंच ऑनलाइन, लेखांचा आणि चर्चांचा, पण सगळ्यांसाठी नाही. आतल्या कुणी नाव सुचवलं तरच प्रवेश. बाई शनिवार पेठेतल्या, निवृत्त प्राध्यापक. मंच त्याच चालवतात. मी नोकरी सांभाळून पीएचडी करते; माझं नाव पीएचडीच्या सरांनी सुचवलं होतं. “मोठी माणसं आहेत. जपून बोल,” म्हणाले होते. कित्येक महिने मी नुसतं वाचलं. त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं.

आईबद्दल बोलत होते. आम्ही यवतमाळकडचे. बाबा खडकीत कामाला लागले, आई धुणीभांडी करू लागली. एका घरात तिला सगळे शांता म्हणायचे. तिचं नाव वत्सला. आधीची बाई शांता होती. कामवाली बदलली म्हणून नवं नाव कोण लक्षात ठेवणार? तर आई शांता झाली. हाक आली की ओ द्यायची. बस. एवढंच सांगून झालं होतं.

पुढे मंचावर एका सदस्याचा लेख आला. मी हिंजवडीला कामावर निघाले होते, कंपनीच्या बसमध्ये उघडला. त्यात ‘एक घरकामगार स्त्री’ होती. तिचे मालक तिला आधीच्या बाईच्या नावाने हाक मारायचे. त्यावर पानभर चिंतन. खाली कौतुकाची रांग. बाईंनी लिहिलं होतं, ‘मार्मिक विश्लेषण.’

त्या रांगेखालीच मी लिहिलं, ‘ही स्त्री माझी आई आहे. वत्सला. हे मी इथेच सांगत होते, तेव्हा तुम्ही माझा आवाज बंद केलात.’

पुन्हा पाहिलं तर ते पुसलेलं. मग बाईंचा निरोप आला. ‘अहो, वैयक्तिक तक्रारींसाठी ही जागा नाही. आपले निमंत्रण मागे घेत आहोत. शुभेच्छा.’

शुभेच्छा!

घरी आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात थांबला.

“मले काहून नाही इचारलं त्यायनं?”

पुन्हा मेथी निवडायला लागली. मला बसवेना. या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. “मी बोललोय बाईंशी. माफीच्या दोन ओळी टाक. परत घेतील.”

“कशाची माफी, सर?”

“तुझं पुढचं बघ जरा.”

मी माफी मागितली नाही. त्या आठवड्यात मीच एक मंच उघडला. कोणीही वाचावं, कोणीही लिहावं. पहिला मजकूर आईचा. ती बोलली, मी उतरवला. खाली तिचं नाव घातलं.

दोन दिवसांत शिव्या आल्या. जातीवरून. आईवरून. मी पुसत होते, नव्या येत होत्या. ऑफिसात बसून फोन बघायची, घरी येऊन फोन बघायची. जेवण जाईना. सरांचा पुन्हा फोन. “सांगत होतो ना? दार लावून घे. निवडक माणसं ठेव.”

खरं सांगते, बोट त्या बटणापर्यंत गेलं होतं. ‘फक्त निमंत्रितांसाठी.’ एकदा दाबलं की शांतता.

तेवढ्यात हडपसरच्या एका नर्सनं लिहिलं. रुग्ण तिला आडनाव विचारतात आणि मग दुसरी नर्स मागतात. शेवटी तिनं विचारलं होतं, ‘इथे लिहायला कोणाची ओळख लागते का?’

मी तिला उत्तर दिलं, ‘नाही.’ आणि सरांना फोन लावला.

“सर, दार लावणार नाही. शिवी पुसेन, देणाऱ्याला हाकलेन. पण भांडायला येणाऱ्याला अडवणार नाही. बाईंनाही नाही. त्यांनी यावं, आईशी बोलावं.”

“विचार कर. प्रबंधावर सही माझी लागते.”

“माहीत आहे, सर.”

फोन त्यांनीच ठेवला. सही अजून झालेली नाही. होईल की नाही, ठाऊक नाही. कोणाची ओळख आहे, हे मात्र मी कोणाला विचारणार नाही. आणि माझा माइक यापुढे कोणाच्या हातात देणार नाही.