रुतबाईचं लेकरू

हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर चार-पाच वर्षांनी शेती सुधारायचा करार भारत आणि अमेरिकेत झाला. त्या करारानं समुद्रापलीकडचा एक साहेब बायकोला घेऊन मानवतला राहायला आला. साहेब जीप घेऊन गावोगाव लोखंडी नांगर दाखवत हिंडायचा. बाई दिवसभर भाड्याच्या बंगल्यात एकटी. तिच्या सोबतीला आणि धुण्याभांड्याला नागुबाई लागली.

नागुबाई लिंगायत घरातली. ऐन तरुणपणी नवरा गेला, पोटी काही नव्हतं, तेव्हापासून ती गावातच भाऊ शिवाप्पाच्या घरी. तिथं तिला कोणी वाईट बोलत नसे. खरं तर फारसं कोणी बोलतच नसे.

बाईचं नाव रूथ, नागुबाईच्या तोंडी ते रुतबाई झालं. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. तरी दुपारी ओसरीवर बसून दोघी आपापल्या भाषेत बोलत. रुतबाई सांगता सांगता डोळे पुसायची आणि नागुबाई हुंकार देत राहायची. मग नागुबाई नवऱ्याचं काहीबाही सांगायची, भावाजवळही कधी न काढलेलं. घरी परतली की भावजय तिला आधी अंघोळ करायला लावी. नागुबाई मुकाट्यानं करी.

रुतबाईला दिवस गेले. सातव्या महिन्यात, साहेब पूर्णेकडे गेला असताना, कळा सुरू झाल्या. नागुबाईनं सुईण आणली. मुलगी झाली, पण ती रडलीच नाही. साहेब परतला तेव्हा नागुबाई गुंडाळलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसली होती आणि रुतबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

साहेबाबरोबर हिंडणारा दुभाष्या म्हणाला, यांच्यात पुरतात, पण यांचं कब्रस्तान थेट औरंगाबादला. रुतबाईला तेवढा प्रवास झेपणार नव्हता आणि लेकरू एकटं पाठवायला ती तयार नव्हती. लिंगायतही आपलं माणूस पुरतात, त्यांची जागा गावाबाहेर होती. नागुबाई उठली आणि समाजातले वडीलधारे बसवंतराव यांच्या ओट्यापुढं जाऊन उभी राहिली.

बसवंतरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, करार सरकारचा आहे, समाजाचा नाही. परक्याला तिथं जागा देता येत नाही.

"तिथं माझी जागा हाय की, आप्पा, मालकाच्या बाजूला," नागुबाई म्हणाली. "ती द्या तिला."

"मग तुला कुठं ठेवायचं?"

"माझ्यामागं बघायला कोण हाय? ठेवा कुठंबी."

बसवंतराव ओट्यावरून उठले. मग त्यांनी गड्याला हाक मारून कुदळ काढायला सांगितली.

महिनाभरानं साहेब मुदत अर्धवट टाकून मायदेशी निघाला. स्टेशनात रुतबाई नागुबाईचा हात धरून बराच वेळ बोलत होती. सांगू का, असं दुभाष्यानं विचारलं.

"नगं," नागुबाई म्हणाली. "मला समजायलंय."

बंगल्यात दुसरा साहेब आला, एकटाच, हैदराबादहून स्वयंपाकी घेऊन. नागुबाईचं काम सुटलं.

पुढं एका वर्षी शेतीचं प्रदर्शन भरलं. मंडपावर दोन्ही देशांचे झेंडे लागले, मैत्रीवर भाषणं झाली. परदेशी पाहुण्यांत दोन-तीन बायका होत्या. नागुबाईनं गर्दीतून वाट काढत एकेकीचं तोंड पाहिलं आणि ती परत फिरली. गावाबाहेर जाऊन तिनं त्या वीतभर मातीवरचं गवत उपटलं आणि ऊन उतरेपर्यंत तिथंच बोलत बसली.

घरी शिवाप्पानं विचारलं, "काय म्हणले सभेत?"

"दोन्ही मुलखांची दोस्ती पक्की झाली म्हणले."

शिवाप्पानं मान हलवली आणि तो जेवायला बसला.