उभ्या पाण्याचं गणित

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या स्पेन्सर आखाताच्या काठावरच्या त्या छोट्या गावात मेरन ट्रेगेन्झा एकोणीस वर्षं वाचनात मागे पडलेल्या मुलांना शिकवत होती. तिच्या वर्गाला पोरं सरळ ‘ढ वर्ग’ म्हणत. एल्सी नॅन्किव्हेल त्याच वर्गात होती. वय वर्षं नऊ. एक पान वाचायला तिला अर्धा तास लागायचा, आणि तेही निम्मं चुकायचं.

एके दिवशी मेरननं खेकडे पकडण्यावरचा धडा वाचून दाखवला, तर एल्सी म्हणाली, “बाई, पुस्तकात चूक आहे. म्हणे भरती-ओहोटी रोज येते. आपल्याकडे पंधरवड्यातून एखादा दिवस पाणी हलतच नाही.”

“ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे.”

“का हलत नाही, ते?”

मेरनला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

एल्सीनं टेबलावर पेन्सिली मांडल्या. “सूर्याची ओढ रोज त्याच वेळेला. चंद्राची रोज पन्नास मिनिटं उशिरा. आपल्याकडे दोघांचा जोर सारखाच. एकाची भरती आणि दुसऱ्याची ओहोटी एकाच वेळी आली, की फिट्टंफाट! पाणी उभं.”

“कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. धक्क्याच्या खांबावर खडूनं खुणा करत होते. हिवाळाभर.”

मेरन तडक मुख्याध्यापक शिर्मर सरांकडे गेली. हुशार मुलांच्या निवड परीक्षेत एल्सीचं नाव घाला, म्हणाली.

सर हसले. “मेरन, तिला स्वतःचं आडनाव धड लिहिता येत नाही.”

“नॅन्किव्हेल! तुम्ही लिहून दाखवा बरं, न बघता.”

सरांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं.

“तुमची परीक्षा वाचनाची आहे, सर. डोकं कुठं तपासताय तुम्ही?”

मेरननं शिक्षण खात्याला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्या पत्रानंतर अ‍ॅडलेडहून एक मानसशास्त्रज्ञ आल्या. एल्सीची आई डोना धास्तावली होती. “पुन्हा पोरीचं हसं होऊ देऊ नका, बाई.”

प्रश्न तोंडी, उत्तरं तोंडी. दोन तासांनी दार उघडलं.

“वाचनात ही फार मागे आहे, त्यासाठी मदत लागेलच,” पाहुण्या बाई म्हणाल्या. “पण विचार करण्यात या वयाच्या शंभरातली नव्व्याण्णव मुलं हिच्या मागे आहेत.”

एल्सीनं क्षणभर हिशेब केला. “मग पुढे कोण?”

“कुणीच नाही.”

डोनानं लेकीला उचलून अशी काही आरोळी ठोकली, की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीशी जमली. मेरन हसतही होती आणि डोळेही पुसत होती.

पुढच्या वर्षी तिच्या वर्गातल्या सगळ्याच मुलांची तोंडी परीक्षा झाली. एल्सीसारखी आणखी तिघं सापडली. प्रश्न वाचून दाखवायला शिर्मर सर स्वतः बसले होते.