बद्रीनाथनं उचललेला बेल-भंडार

बद्रीनाथ तडजोडीला बसला की लोक मनातून कचरायचे. सगळं जुळत आलेलं असायचं, चहा पिऊन झालेला असायचा, आणि हा समोरच्या धडधाकट माणसाला तोंडावर विचारायचा, "तुमी म्हणता त्ये समदं खरं. पर तुमच्या मागं काय?" कुणी शिव्या द्यायचं, कुणी तरातरा उठून जायचं. एका बाईनं तर नवऱ्यावरून तिथल्या तिथं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. शहागंजात आमचं मोफत कायदा सल्ला केंद्र होतं, मी तिथली वकील. 'तुमच्या त्या अभद्र तोंडाच्या माणसाला आवरा, दमयंतीबाई,' असं मला कितीदा तरी ऐकवलं गेलं. मी आवरलं नाही. तो प्रश्न त्याच्या तोंडी कसा आला ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

बद्रीनाथ मूळचा शेतकऱ्याच्या घरातला, साताऱ्याच्या डोंगरापलीकडचा. हा सातारा म्हणजे आमच्या औरंगाबादच्या दक्षिणेचा, खंडोबाचा. जमीन भावाभावांत वाटून चिंधीएवढी उरली, तेव्हा तो चिकलठाण्याला कारखान्यात लागला. कारखाना बंद पडला. थकलेल्या पगारासाठी भांडायला कामगारांचा घोळका आमच्याकडे आला, त्यात हाही होता. बाकीचे तारखांना कंटाळून पांगले. हा रोज येत राहिला, म्हणून एक दिवस मीच वैतागून म्हणाले, "आता येताच आहात, तर काम तरी करा." तो कामालाच लागला.

केंद्र म्हणजे शिंप्याच्या दुकानावरची एक खोली. वस्त्यांतल्या बाया जिन्यापर्यंत यायच्या आणि परत जायच्या, वकिलासमोर बसायची त्यांना भीती. बद्रीनाथ सायकलीवरून त्यांच्या दारात जायचा, ओट्यावर बसायचा, पाणी मागायचा. कुणाच्या घरचा चहा मात्र घ्यायचा नाही, उद्या दुसऱ्या बाजूनं बोट दाखवायला नको म्हणून. मी तापट आहे, पक्षकारावरही ओरडते. तो कधी आवाज चढवायचा नाही. लोक माझ्या डिग्रीपेक्षा त्याच्या शब्दावर जास्त चालायचे, आणि त्याचा मला रागही यायचा, हे कबूल करते.

आवडाबाईला त्यानंच आणलं. शहागंजात भाजी विकणारी विधवा. गारखेडा तेव्हा अर्धं खेडं होतं. तिथले मोठे शेतकरी नानासाहेब, त्यांच्या शेताच्या बांधाला तिच्या नवऱ्यानं त्यांच्याच परवानगीनं एक खोली बांधलेली. नवरा गेला, आंधळी सासू राहिली. त्या म्हातारीला चुलीपासून मोरीपर्यंतचा रस्ता हातानं पाठ होता, दुसऱ्या घरात ती चार भिंतींवर आपटूनच मेली असती. पुढे गारखेड्यात प्लॉट पडायला लागले, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि नानासाहेबांनी खोली खाली करायला सांगितलं. मी दिवाणी कोर्टात दावा लावला, खोलीला हात लावू नये असा तात्पुरता हुकूमही मिळवला. आवडाबाई निवांत झाली.

मग मला कावीळ झाली आणि मी जालन्याला आईकडे जाऊन पडले.

परत आले तेव्हा दावा संपलेला होता. आवडाबाईनं कोर्टात स्वतः उभं राहून, दावा चालवायचा नाही असं लिहून दिलं होतं. शेजारी बद्रीनाथ उभा होता. झालं होतं ते असं. नानासाहेबच त्याच्याकडे आले. कोर्टाच्या पायऱ्या चढायची त्यांना लाज वाटत होती. गावात मान असलेला माणूस, एका भाजीवालीसमोर उभं राहायचं म्हणजे काय! "देवासमोर मिटवू," म्हणाले. साताऱ्याच्या खंडोबाला तिघे गेले. नानासाहेबांनी बेल-भंडार उचलला आणि आवडाबाईला बाहेर काढणार नाही असा शब्द दिला. आमच्याकडे बेल-भंडार उचलून दिलेल्या शब्दाच्या पुढं काही नसतं. पोलीस नाही, कोर्ट नाही.

मी खोली डोक्यावर घेतली. "अहो, मग तोच शब्द कोर्टात लिहून घ्यायचा होता ना! हुकूमनामा झाला असता!"

"बाई, बेल-भंडार उचलल्यावर कागद मागायचा म्हंजे देवालाच खोटं पाडल्यावानी व्हतं."

"देवाला समन्स काढता येत नाही, बद्रीनाथ!"

 नानासाहेबांनी मात्र पुढे शब्द तंतोतंत पाळला. दिवाळीला आवडाबाईच्या सासूला लुगडं धाडायचे. मला वाटायला लागलं, आपलंच चुकलं असेल. असं कधी वाटून घेऊ नये.

नानासाहेब बैलासारखे दणकट. शेतात मोटार चालू करताना शॉक लागून जागच्या जागी गेले. तेरावं झालं आणि त्यांचा मुलगा रामकिसन आवडाबाईच्या दारात उभा राहिला. जमीन बिल्डरला द्यायची होती. "मावशी, दुसरीकडं बघा आता."

मी पुन्हा दावा लावायची वाट शोधली. वरिष्ठांना विचारलं, पुस्तकं चाळली. आपणहून सोडून दिलेला दावा त्याच कारणासाठी पुन्हा उभा राहत नव्हता. बद्रीनाथ समोरच्या बाकावर बसून माझ्या तोंडाकडे बघायचा. मी मान हलवली की खाली बघायचा. त्या दिवसांत त्यानं केंद्रातला चहासुद्धा सोडला. आवडाबाई जिना चढताना दिसली की मागच्या गॅलरीत जाऊन उभा राहायचा.

वाट निघाली ती रामकिसनच्या घरातून. त्याची आई सारजाबाई हटून बसली. नवऱ्यानं खंडोबासमोर दिलेला शब्द मोडशील तर ह्या घरात अन्न शिजणार नाही, म्हणाली. रामकिसन चिडला, पण तोही देवाला भिणाराच. केंद्रात येऊन उभ्या उभ्याच म्हणाला, "बद्रीकाका, बा काय बोलला त्ये तुमालाच ठावं. तवाचा पुजारी बी आता ऱ्हायला नाय. बा आवडामावशीच्या जल्मभराचं बोलला असंल तर मी खोलीचा नाद सोडतो. ऐतवारी साताऱ्याला या आन तसं बेल-भंडार उचलून सांगा. तुमी खोटं बोलणार नाय, ह्ये साऱ्या गारखेड्याला ठावं हाय."

तो गेला आणि मी आनंदानं टेबलावर हात आपटला. "सुटलो!"

बद्रीनाथचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई, नानासाहेब जल्मभराचं नाय बोलले. 'मी हयात हाय तवर बाईला हात लावणार नाय,' आसं बोलले."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"काय करू? देवाच्या दारात, भंडारा हातात घेतलेल्या माणसाला 'तुमी मेल्यावर काय' आसं कसं इचारू? जीभच रेटली नाय. मनात म्हनलं, ह्यो माणूस आपल्या आधी कशाला मरतोय." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आवडावहिनी भाईर देवळाच्या मांडवात व्हत्या. मी भाईर येऊन सांगितलं, आता तुमाला कुणी हात लावत नाय. माझ्या जिवावर त्यांनी दावा सोडला. त्यांचं घर मी घालवलं, बाई. नानासाहेबानं बी नाय आन रामकिसननं बी नाय. मी."

मी वकील आहे. खरं सांगेन अशी शपथ घेऊन लोक कोर्टात रोज बिनदिक्कत खोटं बोलतात, आणि आम्ही समोर बसून पेनाची टोपणं लावतो-काढतो. एक खोटं, आणि एका आंधळ्या म्हातारीचं छप्पर वाचतंय, ह्यात इतकं काय आहे, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. त्याच्याकडे बघून मी ते गिळलं. नुसतं म्हणाले, "तुम्ही ठरवा." आजही ते दोन शब्द मला टोचतात. ठरवायचं ओझं मी सरळ त्याच्या डोक्यावर ठेवून दिलं आणि वर त्याला मोकळीक दिल्याचा आव आणला.

रविवारी आम्ही साताऱ्याला गेलो. ह्या वेळी मी कागद घेऊनच गेले होते, वारसांना बंधनकारक असा करार, स्टॅम्पसकट. रामकिसन आईला घेऊन आला होता. आवडाबाई नवं पातळ नेसून आली होती. बद्रीनाथ आंघोळ करून अनवाणी आला होता.

तो देवासमोर उभा राहिला. नव्या पुजाऱ्यानं त्याच्या तळहातावर बेलाची पानं आणि भंडारा ठेवला. भंडारा बद्रीनाथच्या बोटांतून फरशीवर सांडायला लागला. तो तळहाताकडेच बघत राहिला. मला वाटलं, आता पानं खाली ठेवील आणि खरं सांगून टाकील.  आणि खरं लिहायचं तर, देव असलाच तर त्यानं ह्या वेळी ऐकू नये, असं मी मनाशी म्हणाले.

"नानासाहेब बोलले," बद्रीनाथ म्हणाला, "आवडाबाईच्या जल्मभर तिला खोलीतून काढणार नाय. ह्ये मी माझ्या कानानं ऐकलं."

सारजाबाईनं डोळ्याला पदर लावला. रामकिसननं बद्रीकाकांचे पाय धरले आणि तिथंच मांडवात बसून माझ्या कागदावर सही केली. एक शब्द वाकडा बोलला नाही. त्याच्याशी डोळे मिळवायला मलाच जमेना.

ते दोघे गेले. आम्ही पायऱ्या उतरत होतो. बद्रीनाथ पुढे, त्याच्यामागे आवडाबाई, मी शेवटी. मध्येच ती थांबली.

"भाऊ, नानासाहेब काय बोलले व्हते त्ये मला बी ठावं हाय."

बद्रीनाथ वळला.

"मांडवातून ऐकू येत व्हतं की. 'मी हयात हाय तवर.' मी ऐकलं व्हतं."

"मंग तवा बोलला का नाय, वहिनी?" त्याचा आवाज फुटला. "येक शबूद बोलला असता तर दावा सोडू दिला नसता मी."

"मला खटकलं व्हतं. पर तुमी भाईर आले आन म्हनले, काय काळजी करू नका. मला वाटलं, तुमी कायद्याची माणसं, तुमाला समजलंच असंल. मी भाजीवाली, मी काय इचारू?"

बद्रीनाथ मटकन पायरीवर बसला. मी त्याला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. आवडाबाई त्याच्या शेजारी, जरा अंतर ठेवून बसली.

"आज बी बोलणार व्हते. तुमच्या हातातला भंडारा सांडत व्हता, तवा. पर सासूचं तोंड डोळ्यासमोर आलं आन बोलले नाय. मला घर पायजे व्हतं, भाऊ. म्हून मी तुमाला खोटं बोलू दिलं." ती पदराशी चाळा करत राहिली. "ह्या पापातलं निम्मं माझं धरा."

 मग त्यानं मान हलवली.

"नाय, वहिनी. घर तुमचं ऱ्हाऊ द्या. ह्ये माझं हाय."

तो उठला आणि आमच्यासाठी न थांबता खाली उतरून गेला. भंडाऱ्यानं पिवळा झालेला उजवा हात त्यानं कुठंही पुसला नव्हता.